प्रश्न तुमचे : कॅमकॉर्डरचे एचडी शूटिंग एडिटिंगसाठी तयार करताना

प्रश्न : कॅमकॉर्डरमधल्या एमटीएस फाइली प्लेअरवर छान चालतात, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर अडकतात. एमपी४ करून पाहिल्या, तर अडकणे तसेच राहिले आणि चित्रही थोडे पुसट झाले. कोणता फॉरमॅट घ्यावा?

उत्तर : एमपी४ हे नुसते वेष्टन आहे. आत बहुधा पुन्हा एच.२६४ ही मूळ फाइलीतलीच कॉम्प्रेशनची पद्धत वापरली गेली. म्हणजे मूळ अडचण कायम आणि वर एकदा जादा कॉम्प्रेशन. तुमच्या एव्हीसीएचडी (एमटीएस फाइली बनवणारा कॅमकॉर्डरचा फॉरमॅट) फाइलीत पूर्ण फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा येते, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेले असतात. प्लेअर सरळ पुढे जातो, म्हणून त्याला जड जात नाही. एडिटिंगमध्ये मात्र तुम्ही मागेपुढे उड्या मारता आणि प्रत्येक उडीला सॉफ्टवेअरला जवळची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून हिशेब मांडावा लागतो.

आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, वापरून पाहा, बहुतेकांचे काम तिथेच भागते. प्रीमियर प्रो असेल तर प्रोजेक्ट पॅनेलमधल्या क्लिपवर राइट-क्लिक करून प्रॉक्सी, मग क्रिएट प्रॉक्सीज. काटछाट हलक्या प्रतीवर होते आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून, त्यामुळे दर्जा जात नाही. दा विंची रिझॉल्व्ह आणि केडेनलाइव्हमध्येही ही सोय आहे.

सॉफ्टवेअर एमटीएस उघडतच नसेल किंवा रंगांवर बरेच काम करायचे असेल, तर फाइली प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचडी या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही बनवते. जागेचा हिशेब आधीच करा : सेकंदाला २४ मेगाबिटचे तासाभराचे शूटिंग ११ जीबीच्या आत बसते, तेच १०८०आय ५० चे (१०८० ओळी, इंटरलेस्ड, सेकंदाला ५० फील्ड) प्रोरेस ४२२ केले की ५५ जीबीच्या आसपास जाते.

रूपांतरापूर्वी एक क्लिप मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून रिझोल्यूशन, फ्रेमरेट आणि स्कॅन टाइप बघा आणि तेच आकडे पुढे ठेवा. इंटरलेस्ड म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये साठवलेली, प्रोग्रेसिव्ह म्हणजे अखंड. स्कॅन टाइप इंटरलेस्ड किंवा एमबीएएफएफ (इंटरलेस्डचाच प्रकार) असेल तर डीइंटरलेस (फील्ड एकत्र करणे) बंद, आउटपुट इंटरलेस्ड, फील्डचा क्रम मूळचाच. एचडीत तो अपर फील्ड फर्स्ट, म्हणजे वरच्या ओळीचे फील्ड आधी, असा असतो. इथेच सगळ्यात जास्त फाइली बिघडतात. प्रोग्रेसिव्ह समजून रूपांतर केले तर हलत्या हाताच्या कडेला आडव्या दातेरी रेघा दिसतात. क्रम उलटला तर हालचाल पुढे-मागे थरथरते. रिझोल्यूशन १४४० × १०८० असेल तर पिक्सेल आस्पेक्ट (पिक्सेलच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण) १.३३ ठेवा, नाहीतर चेहरे चेपलेले दिसतील. आवाज एसी-३ (कॉम्प्रेस केलेला) असेल तर पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला), ४८ किलोहर्ट्झ करा.

भरपूर हालचालीची एकच छोटी क्लिप आधी करून, कडा नीट तपासून मगच बाकीच्या रांगेला लावा.

प्रश्न : सलग रेकॉर्डिंगच्या कार्डावर चार फाइली झाल्या. ओळीने लावल्या, तर प्रत्येक सांध्यावर क्षणभर आवाज जातो.

उत्तर : फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅमेरा वाहता प्रवाह मध्येच तोडतो. सांध्यावरच्या आवाजाचा तुकडा निम्मा एका फाइलीत आणि निम्मा दुसऱ्या फाइलीत राहतो. वेगवेगळ्या उघडल्या की तो वाचताच येत नाही.

कार्डावरच्या स्ट्रीम फोल्डरमधल्या एमटीएस फाइली सुट्या उचलू नका. प्रायव्हेट हे फोल्डर आतल्या सगळ्यासकट हार्डडिस्कवर घ्या आणि प्रीमियरच्या मीडिया ब्राउझरमधून आयात करा. सलग क्लिप एकसंध येते. कार्ड पुसले गेले असेल आणि हाती सुट्या फाइलीच असतील, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी आदेशाला बायनरीचा पर्याय (/b) देऊन त्या क्रमाने जोडा. नंतर रूपांतर करा. आधी रूपांतर करून मग जोडल्या तर खाच राहते.

प्रश्न : रूपांतर करताना बिटरेट वाढवला तर चित्र सुधारेल का?

उत्तर : नाही. कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही ते परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. प्रोरेस ४२२ एचक्यू हा जास्त बिटरेटचा प्रकारही या शूटिंगला गरजेचा नाही. साधे ४२२ पुरते.