खाचर पिवळं दाखवतंय, युरिया टाकू का?

प्रश्न (मुरबाड): मोबाइलच्या अॅपमध्ये उपग्रहाच्या चित्रात माझं भाताचं खाचर पिवळं दिसतंय. युरियाचा हप्ता देऊ का?
प्रश्न (शहापूर): लावणी झाल्या झाल्या अॅपने शेत लाल दाखवलं. रोपं मेली का?

उत्तर: दादा, युरियाची गोणी तूर्त उघडू नका. आधी चित्राखालची तारीख बघा. बरीच अॅप सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रं वापरतात. ते दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात खरे, पण ढग असले की त्यांना ढगच दिसतात. पावसाळ्यात चित्र जुनं असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरं, या चित्राचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. उतारावरच्या दोन-तीन गुंठ्यांच्या खाचरात असे अख्खे ठिपके कितीसे मावणार? बांध, शेजारचा माळ, सगळं एकाच ठिपक्यात मिसळतं. भात खुरटलेलं आणि बांधावरच्या गवतामुळे शेत 'उत्तम', असंही मी पाहिलंय. आपल्या भारताच्या रिसोर्ससॅट-२ए उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका तर साडेतेवीस मीटरचा, साधारण साडेपाच गुंठे. तालुक्याचं भातक्षेत्र मोजायला चांगला, तुमच्या खाचरासाठी नाही.

शहापूरकरांनो, लाल रंग पाहून घाबरू नका. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, पाणी तो गिळतं. लावणीनंतर खाचरात पानापेक्षा पाणीच जास्त, म्हणून अॅपचा हिरवेपणाचा आकडा पडतो आणि शेत लाल दिसतं. फुटवे येऊन पाणी झाकलं की तो चढतो. २०२२ साली सोडलेला आपला ईओएस-०४ उपग्रह रडारने ढगांपलीकडचं बघतो. त्याला साचलेलं संथ पाणी काळं दिसतं, त्यावरून लावणी कुठवर आली ते कळतं.

आता मुरबाडचं पिवळेपण. खाचरात उतरा. सगळीकडे सारखा फिकटपणा आणि खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्र कमी पडलंय. पाणी कमी करून हप्ता द्या. पण गोल गोल चट्टे असतील तर चूड (रोपांचा झुपका) बाजूला सारून बुंध्याला टिचकी मारा. तपकिरी तुडतुडे पाण्यावर पडले, तर युरिया म्हणजे त्यांना मेजवानी. पाणी काढून टाका आणि फवारणीआधी तो चूड सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा. आणि लोंब्या भरून झुकल्या असतील, तर दादा, विळ्याला धार लावा.