लोड घेतला की चार्ज घेतला?

प्रश्न असा आहे: इंग्रजीतल्या 'लोड' आणि 'चार्ज' या दोन्ही शब्दांपुढे कोशात 'भार, ओझं, भरणं' हे अर्थ सापडतात. मग अनुवाद करताना दोन्हीकडे 'भार' आणि 'भरणं' वापरलं तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि ते आपल्या रोजच्या बोलण्यातच दिसतं. वैतागलेल्या मित्राला आपण म्हणतो, 'एवढा लोड घेऊ नकोस.' कचेरीत सांगतो, 'नव्या बाईंनी कालच चार्ज घेतला.' दोन्हीकडे क्रियापद 'घेणं'च आहे. पण लोड घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर ओझं बसलंय आणि चार्ज घेतलेल्या बाईंकडे काम सोपवलंय. या दोन शब्दांतला जवळजवळ सगळा फरक इथे आला. लोड म्हणजे नुसतं ओझं. चार्ज म्हणजे ज्याचं पुढे काहीतरी व्हायचं आहे असं ओझं: निभवायचं, फेडायचं, नाहीतर उडवायचं.

मुळात चार्ज हाही साधा मालाचा बोजाच होता. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. कॅरिकेचरही त्यातलंच, कारण व्यंगचित्रात नाक-कान जरा जास्तच 'लादलेले' असतात. लोडचा प्रवास याच्या उलट झाला. जुन्या इंग्रजीत तो वाट किंवा वाहून नेणं या अर्थाचा शब्द होता, 'लीड' म्हणजे वाट दाखवणं याचा सख्खा. वाट दाखवणाऱ्या ताऱ्याला 'लोडस्टार' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. पुढे माल चढवणं या अर्थाच्या 'लेड' या शब्दाच्या संगतीने तो ओझ्याकडे वळला. म्हणजे गाड्यातून निघालेला शब्द जबाबदारीपर्यंत पोचला आणि वाटेवरचा शब्द ओझं होऊन बसला. मला हे फार सुंदर वाटतं.

फ्रेंचमध्ये ही अडचणच नाही. तिथे ट्रकमध्ये माल भरायला आणि फोन चार्ज करायला एकच क्रियापद चालतं. जर्मनमध्येही तसंच आहे. इंग्रजीकडे एक घरचा आणि एक फ्रेंचमधून आलेला असे दोन शब्द जमले, म्हणून तिने कामं वाटून दिली.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो उलट शब्दांत. लोडचं उलट अनलोड, चार्जचं उलट डिस्चार्ज. एका रहस्यकथेचा अनुवाद तपासताना मला वाक्य दिसलं: 'त्याने पिस्तूल रिकामं केलं.' पुढच्याच परिच्छेदात एक माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला. मला कळेना, याला गोळी लागली केव्हा? मूळ पाहिलं तर तिथे 'डिस्चार्ज्ड' होतं. पिस्तूल अनलोड केलं म्हणजे गोळ्या काढून घेतल्या, आता धोका टळला. पिस्तूल डिस्चार्ज केलं म्हणजे गोळी झाडली. बोलभाषेत एखाद्यावर सगळ्या गोळ्या झाडण्यालाही अनलोड म्हणतात, पण तिथेही भर रिकामं होण्यावर असतो. डिस्चार्जमध्ये भर असतो तो जे भरलं होतं ते आपलं काम करून सुटण्यावर.

हाच धागा धरला की डिस्चार्जचे विखुरलेले अर्थ ओळीने लागतात. कर्ज डिस्चार्ज होतं म्हणजे फिटतं. कर्तव्य डिस्चार्ज होतं म्हणजे पार पडतं. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो म्हणजे रुग्णालयाने घेतलेली त्याची जबाबदारी संपते. धरणातून होणाऱ्या डिस्चार्जला आपण 'विसर्ग' म्हणतो. यांपैकी एकाही ठिकाणी अनलोड घालून पाहा, वाक्य मोडतं.

बंदुकीचं मात्र नीट पाहायला हवं, कारण तिथे दोन्ही शब्द शेजारी बसतात. ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे आणा. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची. या सगळ्या कृतीला म्हणायचं लोड करणं. आत गेलेली ती मोजकी दारू म्हणजे चार्ज. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: बार. बार भरतात, बार उडतो, कधी फुसका निघतो. फारसीत 'बार' म्हणजे ओझं ('बारदान' त्यातूनच आलं), आणि हा फारसी बार संस्कृत 'भार'चा भाऊ. म्हणजे ओझ्यापासून स्फोटापर्यंतची वाट आपल्याकडेही आधीपासून पायाखालची आहे.

विजेतही चार्ज हा शब्द बहुधा बंदुकीच्या याच वाटेने आला. लायडनच्या बरणीचा शोध १७४५-४६ मधला. तिच्यात वीज साठवायची आणि मग कडाडून ठिणगी सोडायची. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४०च्या दशकात लिहिलेल्या पत्रांत अशा बरण्यांसाठी चार्ज, डिस्चार्ज आणि बॅटरी हे शब्द येतात. बॅटरी हा तर सरळ तोफखान्याचा शब्द. लोड विजेत वेगळ्या अर्थाने आला: वीज खेचणारं उपकरण. त्यामुळे फोन चार्जिंगला लावला की बॅटरीत चार्ज वाढतो आणि त्याच वेळी ती बॅटरी चार्जरवरचा लोड असते. मराठी परिभाषाकारांनी इथे चांगली सोय केली आहे. चार्जला 'प्रभार', लोडला 'भार'. 'भारनियमन' बरोबर, 'प्रभारनियमन' म्हणता येणार नाही.

आरोप या अर्थाचा चार्ज अनेकांना कोड्यात टाकतो, पण मराठी वाचकाला तो सहज उमगायला हवा. 'आरोप' म्हणजे तरी काय? आ-रोप, वर ठेवणं, लादणं. रूपक तेच. ज्याच्यावर लादलं त्याने उत्तर देऊन ते उतरवायचं. बिलातला चार्जही फेडायचं ओझंच, त्याला 'आकार' हा रूढ शब्द आहे. घोडदळाच्या चार्जला 'मुसंडी' म्हणा. 'लाठीचार्ज'ला 'लाठीमार' आहेच.

विशेषणांत अनुवादक जास्त फसतात. लोडेड प्रश्न आणि चार्ज्ड प्रश्न एक नव्हेत. लोडेड फासे म्हणजे आत गुपचूप शिसं भरलेले, हवं तेच दान पाडणारे. तसाच लोडेड प्रश्न: 'तुम्ही खोटं बोलणं कधीपासून सोडलंत?' काहीही उत्तर द्या, आधी खोटं बोलत होता हे कबूल झालंच. अशा प्रश्नाला मी 'मेख मारलेला प्रश्न' म्हणेन. चार्ज्ड प्रश्नात लपवाछपवी नसते. त्यातली भावना उघड असते आणि ती केव्हाही उसळू शकते. चार्ज्ड वातावरण म्हणजे तापलेलं वातावरण, आणि प्रसंग मंगल असेल तर 'भारलेलं'. मंत्राने भारतात त्यातलं हे भारणं, त्यामुळे ते चार्जच्या फार जवळचं आहे. 'भारावलेलं' मात्र नको, भारावतो तो माणूस.

'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांतही गफलत होते. पहिल्यात बाई मुलाची जबाबदारी सांभाळते, दुसऱ्यात मूल बाईच्या हवाली असतं. नुसतं 'हर चार्जेस' आलं तर पैशांचा विचार करण्याआधी तिच्याकडे सोपवलेली मुलं तर नाहीत ना, हे बघा.

माझा हा नियम एका जागी लागू पडत नाही, तेही सांगतो. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालीवर सिंह, गरुड, फुलं काढलेली असतात, त्या प्रत्येक चिन्हालाही 'चार्ज' म्हणतात. ते ढालीवर ठेवलेलं असतं एवढंच. त्यात फेडायचं काही नाही, सुटायचंही काही नाही. तिथे सरळ 'चिन्ह' लिहा.