केबल बदलण्याआधी चिप दिसते का ते बघा

तुमची पोस्ट वाचली: रास्पबेरी पाय ३बी (एका बोर्डावरचा छोटा संगणक), ‘आयपी लिंक’ या कमांडच्या यादीत ईथ० (केबलच्या नेटवर्कचं नाव) नाहीच, पोर्टचे दोन्ही दिवे बंद आणि तुम्ही आता तिसरी केबल आणायच्या विचारात. वाचून राहवलं नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

केबल खराब असती तर ईथ० यादीत दिसला असता, फक्त त्याच्यापुढे ‘नो-कॅरियर’ (म्हणजे केबलमधून सिग्नल नाही) आलं असतं. नावच गायब असेल तर राउटर, केबल, आयपीच्या सेटिंग यांच्या मागे लागू नका. ३बी वर नेटवर्क आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच चिपवर आहेत, एलएएन९५१४. ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबीवर काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड चालवा. आयडी ०४२४ ने सुरू होणाऱ्या दोन ओळी हव्यात, एक हबची, एक नेटवर्कची. दोन्ही असतील तर ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) चढला का ते बघा, आणि तोच इंटरफेस ईथ० ऐवजी ईएनएक्सने सुरू होणाऱ्या नावाने तर दिसत नाही ना, तेही. एकही नसेल तर थेट विजेकडे वळा.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बोर्ड विकणाऱ्यांच्या मदत कक्षाने. दिव्यांचा फोटो मागायचे आणि ‘दिवे बंद म्हणजे पोर्ट गेला’ म्हणायचे. हे साफ चुकीचं आहे. ड्रायव्हर चिप सुरू करेपर्यंत ते दिवे लागतच नाहीत! मग म्हणायचे एसडी कार्ड पुन्हा लिहा, मग दुसरं कार्ड घ्या. त्यांनीच बोर्डासोबत दिलेल्या अडॅप्टरबद्दल विचारलं की ‘त्यावर २.५ अँपिअर लिहिलंय’ एवढंच उत्तर. अहो, पण वायर बारीक असेल तर बोर्डापर्यंत व्होल्टेज पोचतं कुठे? ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या वीज कमी पडते का ते सांगणाऱ्या कमांडने ५०००५ दाखवलं, म्हणजे त्या क्षणीही वीज कमी पडत होती. शून्य यायला हवं. जाड वायरीचा ५.१ व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि ईथ० हजर.

तुमच्याकडेही हेच कारण असेल असं छातीठोकपणे सांगत नाही. चिप खरोखर जळलेलीही असू शकते. आणि हे मी ३बी बद्दल सांगतोय. पाय ४ वर नेटवर्क यूएसबीवरून जात नाही, तिथे ‘एलएसयूएसबी’त काही शोधू नका.

तपासताना यूएसबीची हार्ड डिस्क काढून ठेवा, ती बरीच वीज ओढते. नुसतं रीबूट करू नका, शटडाउन करून प्लग काढा, थोडं थांबा, मग लावा. तरीही नाही आलं तर ‘एलएसयूएसबी’ आणि ‘डीमेसेज’ (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड) यांचं पूर्ण आउटपुट इथे टाका, बघतो.