पडदा काळा म्हणून लगेच पॅनेल बदलू नकोस

एलसीडी टीव्हीचा आवाज येतोय पण चित्र नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं की आधी दुकानातला दिवा मालव आणि पडद्यावर टॉर्च तिरका धर. चित्र पुसट दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, जिवंत आहे. मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर गेलाय. पॅनेलमधलं लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही रे. साध्या टीएन (पिळलेल्या रेणूंच्या) पॅनेलमध्ये दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्या, काटकोनात असतात, मधले लिक्विड क्रिस्टलचे रेणू प्रकाशाच्या कंपनाची दिशा ९० अंशांनी फिरवतात म्हणून तो पार होतो. व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात, पिळा सुटतो, ठिपका काळा. एवढं डोक्यात बसव, मग पुष्कळ दोष बघूनच कळतील.

उभ्या रेषा दिसल्या तर काचेच्या कडेची रिबन, म्हणजे चित्राचा सिग्नल नेणारी चपटी तारपट्टी, तपास. गोव्यात कळंगुट, कोलव्याकडे खारा वारा, त्यात आपला पावसाळा. रिबन जोडायच्या कनेक्टरवर गंज चढतोच. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, फक्त कनेक्टर, पडदा नव्हे. रिबन काचेवरूनच सुटली असेल तर ती परत चिकटवणाऱ्या बाँडिंग मशीनशिवाय बसत नाही, तसं सरळ सांग.

चतुर्थीच्या तोंडावर सगळ्यांनाच टीव्ही उद्या हवा असतो. तरी एलईडी पट्ट्या अर्ध्याच बदलू नकोस, उजेड कमीजास्त दिसतो आणि तोच टीव्ही परत येतो.