वाचक विचारतात : माकडताप आणि पुण्याला जाणारी कुपी

प्रश्न : काजूच्या बागेत काम करणाऱ्या भावाला ताप आला. आठ दिवस अंगावर काढल्यावर त्याला दवाखान्यात दाखल केलं. चार दिवसांनी रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, तरी डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. असं का? (दोडामार्ग)

उत्तर : कारण रक्त तापाच्या बाराव्या दिवशी घेतलंय. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत माकडतापासाठी (गोचिडी चावून होणारा विषाणूजन्य ताप) दोन तऱ्हेच्या तपासण्या होतात. आरटी-पीसीआर खुद्द विषाणू शोधते, आणि तो रक्तात साधारण पहिला आठवडा, फार तर दहाएक दिवस सापडतो. आयजीएम एलायझा शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, ती पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. फॉर्मवर ताप सुरू झाल्याच्या तारखेऐवजी दाखल केल्याची तारीख पडली, तर बाराव्या दिवसाचा नमुना चौथ्या दिवसाचा ठरतो आणि त्याची फक्त पीसीआर होऊ शकते. मग ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, की विषाणू आता रक्तात नाही. रिपोर्टवर कोणती तपासणी लिहिली आहे ते आधी पाहा. आयजीएम झालेली नसेल तर ती करून घ्या.

या संस्थेचं आणि या रोगाचं नातं जुनं आहे. ती १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये आताच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा आधी पीतज्वराचीच (यलो फीव्हर) शंका आली होती. निघाला नवाच विषाणू, माकडतापाचा.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. ‘नमुना अयोग्य’ असा शेरा येतो. नेमकं काय चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) लाल झालेलं असतं. सिरिंजची सुई न काढता रक्त जोरानं नळीत सोडलं, नळी हलवली किंवा गोठण्याआधीच बर्फात ठेवली, की पेशी फुटतात. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत ४-५ मिली रक्त घ्या. हिरव्या टोपणाची नको, तिच्यातलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) पीसीआर बिघडवतं. नळी अर्धा तास उभी ठेवा, मग सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून सीरम वेगळं करा. दीड-दोन मिली सीरम आट्याच्या टोपणाच्या कुपीत भरा. कुपी २ ते ८ अंशांवर ठेवा. न फिरवलेलं रक्त फ्रीझरमध्ये तर कधीच नको.

कुपीभोवती पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी) आणि कापूस, मग न गळणारा डबा, त्याबाहेर आइसपॅक घातलेली थर्माकोलची पेटी. फॉर्म वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, डब्याच्या बाहेर ठेवा. भिजून शाई पसरलेला फॉर्म म्हणजे बिननावाचा नमुना! शुक्रवारी संध्याकाळी पाठवायचं असेल तर आधी फोन करून रविवारी कोणी घेणार आहे का ते विचारा.

प्रश्न : बागेत माकड मेलेलं दिसलं, तर पुरून टाकावं का?

उत्तर : हात लावू नका, जवळही जाऊ नका. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाल्यात पसरतात. माणसाला चावतात ती बहुधा त्यांची खसखशीएवढी पिल्लं, म्हणून चावल्याचं कळतही नाही. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. तेवढ्या भागातला पालापाचोळा त्या हंगामात गोळा करू नका, गुरंही सोडू नका.