असार पंधराला जाणार असशील तर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नेपाळात पोखऱ्याजवळच्या रोपाई, म्हणजे भातलावणीच्या, महोत्सवाचं तिकीट काढू का, असं तू विचारलंस. नको काढूस. त्याच पैशात एखाद्या गावात चार दिवस जास्त राहा. तिकिटाच्या कार्यक्रमात पाणी भरलेलं खाचर असतं, मोठ्यानं गाणी लावलेली असतात, लोक एकमेकांना चिखलात लोळवतात आणि संध्याकाळी आंघोळ करून परततात. त्यात आनंद आहे, तो खोटाही नाही. पण तुला रोपाई बघायची आहे, आणि रोपाईत चिखल उडतो तो काम करता करता.

असार 15 ही तिथल्या सौर पंचांगातली तारीख आपल्याकडे 29 जूनच्या आसपास येते. सरकारनं तिला राष्ट्रीय धान दिवस म्हटलं आहे. भाताला मात्र पाणी लागतं, तारीख नव्हे. पावसाळा नेपाळात पूर्वेकडून साधारण जूनच्या मध्याला शिरतो आणि पश्चिमेला पोचायला वेळ घेतो. जिथे ओढ्याचं पाणी कुलोनं, म्हणजे गावानंच खणलेल्या आणि राखलेल्या पाटानं येतं, तिथली खेतं आधी लागतात. जी आभाळाच्या भरवशावर आहेत ती कधी कधी श्रावण उजाडेपर्यंत थांबतात. पश्चिमेकडच्या जुम्ल्यात तर सुमारे 3000 मीटर उंचीवर मार्सी नावाचा लाल भात होतो; तिथे थंडी लवकर येते, म्हणून लावणीही लवकर उरकतात. तेव्हा असार 15 धरूनच जा, पण आधीचे दोन-तीन आणि नंतरचे दोन-तीन दिवस हाताशी ठेव. दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, त्या दिवशी घरोघरी खातात. खेताच्या कडेला, चिखलाचे हात धुऊन, सगळ्यांबरोबर खा.

तू मुळशीत लावणी पाहिली आहेस, त्यामुळे चिखलणी आणि आवण तुला नवं नाही. पाठीवर घेतात तो बांबू-पानांचा घुम बघून तुला आपलं इरलंच आठवेल. कामाची वाटणी मात्र नीट समजून घे. हली नांगर धरतो. बाउसे कोदाळीनं बांध घालतात, कोपरे खणतात, चिखल सारखा करतात. रोप लावणाऱ्या रोपार, आणि त्या बहुतेक सगळ्या बायका. तू मुलगी आहेस, तुला ओळीत जागा मिळेल. पण कुणी हाक मारेपर्यंत बांधावर थांब. उतरलीस की शेजारणीच्या हातांकडे बघ: मुठीतून दोन-तीन रोपं सोडवायची, बोटांनी मुळं चिखलात दाबायची, मागे सरकायचं. फार खोल गेलं तर फुटवे कमी येतात, वरवर राहिलं तर तरंगतं. तू सावकाश लावलंस तर कुणी रागावणार नाही. वाकडं लावलंस तर तुझ्यामागे कुणाला तरी ते पुन्हा लावावं लागेल. असारबद्दल तिथले लोक म्हणतात, मानोभर पेरून मुरीभर पिकवायचा हा महिना. आठ मानोंची एक पाथी, वीस पाथींची एक मुरी, म्हणजे एकाचे एकशे साठ. वर्षाचा घास या काही दिवसांवर उभा असतो, म्हणून खाचरात उभं राहून फोटो काढत बसू नकोस.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डोंगरातल्या गावांत रोपाई चालते ती पर्मवर. आज माझ्या घरची माणसं तुझ्या खेतात, उद्या तुझ्या घरची माझ्या. पैसा मध्ये येत नाही, दिवसाची फेड दिवसानं होते. तू एक दिवस ओळीत उभी राहिलीस, त्यांनी तुला शिकवलं, जेवू घातलं, गाण्यात घेतलं. हा दिवस तू कशानं फेडणार? तुझ्याकडे त्यांना बोलवायला खेत नाही. म्हणून राहण्या-जेवणाचे पैसे घासाघीस न करता दे. त्यांच्याकडे विकण्यापुरता तांदूळ असेल तर घे. दुसऱ्या दिवशी पाठ धरली तरी तासभर का होईना पुन्हा उतर. आदल्या दिवशीची पाहुणी परत आली याचं त्यांना फार वाटतं. आणि जमलं तर मंसिरमध्ये, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, कापणी-मळणीला जा.

गाणी ऐक. असारे गीत एका बाजूनं उचलतात, दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं. थट्टा असते, माहेर असतं, परदेशी गेलेला नवरा असतो. तो नवरा आता खराच कतारला, सौदीला नाहीतर मलेशियात असतो. बाहेरून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका आहे, आणि त्याची दुसरी बाजू तुला डोंगरउतारावर दिसेल: वरची खाचरं पडीक, खालच्या खेतात बायका आणि म्हातारी माणसं. बाईनं नांगर धरायचा नाही ही जुनी रीत, पण धरायला पुरुषच नाही तिथे बायकांनी तो धरला आहे. मी राहिले त्या घरातल्या सुनेनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

काही ठिकाणी रोपाईला बाजा लावतात. सनई, दमाहा, ट्याम्को, झ्याली. वाजवणारे दमाई समाजाचे, तिथले दलित. त्यांच्या तालावर सगळं खेत हलतं. अस्पृश्यता नेपाळच्या कायद्यानं 1963 सालीच संपवली. तरी जेवायच्या वेळी त्यांना कुठे बसवतात ते बघ. वेगळं बसवलं असेल तर भाषण करू नकोस, तुझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बस. तू आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून जाते आहेस.

परतताना काठमांडू खोऱ्यात थांबणार असशील तर खोकना-बुंगमतीकडे जा. तिथले नेवार समाजातले ज्यापू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या नांगराऐवजी कोदाळीनं जमीन खणत आले. त्यांच्या लावणीला सिनाज्या म्हणतात, गाणी वेगळी, चाल संथ. लावणी सरली की गथांमुग हा सण येतो, आपल्या पंचांगानं आषाढ वद्य चतुर्दशी, दिव्याच्या अवसेच्या आदला दिवस. चौकाचौकात बोरूचा राक्षस उभा करतात आणि शेवटी गावाबाहेर घालवतात. तेवढी रजा मिळाली तर तोही बघ.

बाकी तयारीचं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नकोस. लेप्टो काय असतो हे कोकणात आजोळ असलेल्या मुलीला सांगायला नको. निघण्याआधी डॉक्टरांना विचार. जुका, म्हणजे जळवा, चिकटतील, मीठ जवळ ठेव. काठमांडू-पोखरा वाटेवरच्या मुग्लिनच्या रस्त्यावर पावसात दरडी कोसळतात, त्यामुळे परतीचं विमान आणि पोखऱ्याहून निघण्याचा दिवस यांत निदान दोन दिवस मोकळे ठेव आणि रात्रीची बस घेऊ नकोस. आधार कार्डावर जाऊ नकोस, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र घे. गाव ठरलं की मला कळव, म्हणजे तिथलं पाणी कुलोचं आहे की आभाळाचं ते विचारून तारखा पक्क्या करू.

तुझ्या बाई