ताटातला कार्बन : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : लांबून आलेली फळं-भाज्या आम्ही बंद केल्या, जवळचंच घेतो. कितपत फरक पडतो?

पडतो, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. अन्नामुळे होणाऱ्या एकूण एमिशनमध्ये (म्हणजे हवा तापवणारे जे वायू सुटतात त्यांत) वाहतुकीचा वाटा साधारण 6 टक्केच आहे, बाकी बहुतेक सगळं शेतात, गोठ्यात आणि जंगल तोडून जमीन मोकळी करताना होतं. जहाजानं हजारो किलोमीटर आलेला माल किलोमागे फार थोडं इंधन खातो. विमानानं आलेलं मात्र खरंच टाळा. आणि जवळचं म्हणून हीटर लावलेल्या ग्रीनहाऊसमधलं घेतलंत तर आकडा उलट वाढूही शकतो.

प्रश्न : आम्ही मांस खात नाही, पण चीज भरपूर लागतं. मग आमचं बरं चाललंय ना?

बीफ खाणाऱ्यापेक्षा नक्कीच बरं, पण चीज हलकं नाही हो. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरातून बाहेर पडतो, आणि 100 वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा 27 पटीहून जास्त तापवतो. 2018 मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे 38,700 शेतांचा डेटा तपासला, त्यात 100 ग्रॅम प्रोटीनमागे मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बीफचे सरासरी 50 किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू निघाले, चीजचे 11, चिकनचे 6 च्या आत आणि वाटाण्याचा अर्धा किलोसुद्धा नाही! चीज एकदम सोडा असं मी म्हणणार नाही, आठवड्यातले दोन-तीन दिवस त्याच्या जागी कडधान्यं आणा.

प्रश्न : प्लॅस्टिक पॅकिंगचं काय?

अन्नाच्या एकूण एमिशनमध्ये सगळ्या पॅकिंगचा वाटा साधारण 5 टक्के. पॅकिंगमुळे वस्तू सडायची वाचत असेल तर ते परवडतं.

प्रश्न : उरलेलं आम्ही कंपोस्टमध्ये टाकतो, म्हणजे वाया गेलं नाही ना?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. कंपोस्ट कराच, कारण कचरा डेपोत ढिगाखाली हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन सुटतो. पण ते पिकवताना, साठवताना, शिजवताना जे हवेत गेलं ते कंपोस्टनं परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न फेकलं गेलं (यात सालं-बियाही आल्या), आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. म्हणून एक आठवडा कंपोस्टच्या डब्यात काय पडतं ते लिहून ठेवा, सालं-देठं वेगळी, खाता आलं असतं ते वेगळं, आणि ज्याचं नाव सारखं येतंय ते पुढच्या वेळी कमी आणा.